मुंबईच्या वाटेवर अग्रक्रम कोणाचा?

मुंबई महानगरीत येण्याच्या वाटा गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढू लागल्या आहेत. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी पालघर येथे झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. मुंबई–अहमदाबाद या अतिवेगवान रेल्वेमार्गावर विरार हे एक स्थानक राहणार आहे. उत्तन–विरार सागरी सेतू आणि विरार–अलिबाग बहुउद्देशीय मार्ग यांचे आराखडेही पुढे सरकत आहेत. आकाशमार्ग, जलमार्ग आणि लोहमार्ग अशा तिन्ही अंगांनी मुंबई जगाच्या जवळ येत आहे, अशी ग्वाही राज्यकर्ते देत असतात आणि या योजनांच्या नकाशांवर वसई-विरारचे नाव ठळक अक्षरांत झळकते.

परंतु त्याच वसई-विरारमधून रोज पहाटे जो कामगार, जी भाजीविक्रेती, जो कारकून किंवा जी परिचारिका मुंबईकडे निघते, त्यांच्यासाठी मुंबई जवळ येत आहे काय, हा प्रश्न या नकाशांत कोठेच विचारलेला दिसत नाही. वाहतुकीच्या नियोजनात पहिला हक्क कोणाचा, या मूलभूत प्रश्नाचे उत्तर गृहीत धरूनच सारी आखणी चालली आहे. ते गृहीत तपासून पाहणे हे समाजवादी विचाराच्या कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे.

वसईचा मुंबईशी असलेला संबंध कालपरवाचा नाही. मुंबईची बेटे कोणाच्या खिजगणतीतही नव्हती, त्या काळी सोपारा हे देशोदेशींच्या गलबतांचे बंदर होते. पुढे मुंबई वाढली आणि वसईचा शेतकरी व कोळी तिचे पोषण करू लागला. येथील केळी, भाजीपाला, फुले, विड्याची पाने, दूध आणि मासळी यांवर मुंबईच्या कित्येक पिढ्या जगल्या. हा माल आधी मचव्यांतून जात असे, नंतर रेल्वेने जाऊ लागला. १२ एप्रिल १८६७ रोजी पश्चिमेकडील पहिली उपनगरी गाडी विरारहून सुटली आणि मुंबईच्या बॅकबे स्थानकापर्यंत गेली. सकाळी पावणेसातला विरार सोडायचे आणि संध्याकाळी साडेपाचला परतीची वाट धरायची, असा तिचा क्रम होता. दिवसाकाठी जाणारी एक आणि येणारी एक, एवढीच ती सेवा होती. मुंबईच्या पश्चिम उपनगरी रेल्वेचा इतिहास असा विरारपासून सुरू होतो. दीडशेहून अधिक वर्षांनी त्या गाडीच्या वारसांची स्थिती काय आहे, हे पाहिले की प्रगतीच्या गप्पांतील पोकळपणा ध्यानात येतो.

आज विरार, नालासोपारा, वसई रोड आणि नायगाव या स्थानकांवर सकाळच्या वेळी गाडीत पाय ठेवणे हीच एक लढाई झाली आहे. डब्यात चढण्यासाठी धडपड, चढल्यावर श्वास घेण्यासाठी धडपड आणि उतरण्यासाठी पुन्हा धडपड, असा हा नित्यक्रम आहे. विरार गाडीत बोरिवलीच्या प्रवाशाला उतरू दिले जात नाही, अशी तक्रार वर्षानुवर्षे होत आली आहे. ती खोटी नाही. पण त्या दांडगाईचे मूळ माणसांच्या स्वभावात शोधणे चुकीचे ठरेल. जेथे शंभरांच्या जागेत तीनशे माणसे कोंबली जातात, तेथे एक प्रवासी दुसऱ्याचा वैरी होतो. टंचाई निर्माण करणारे मात्र त्या डब्यात नसतात. त्यामुळे राग त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही आणि तो शेजारच्या प्रवाशावर निघतो. परप्रांतीयांविरुद्ध गरळ ओकणाऱ्या राजकारणालाही याच गर्दीतून खाद्य मिळते.

या गर्दीची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजली जाते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ या एका वर्षात अडीच हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातून पडून, कोणी गाडी आणि फलाट यांच्यामधील पोकळीत सापडून मेले. दिवसाला सरासरी सात माणसे. विरारच्याच एका प्रवाशाने केलेल्या जनहित याचिकेवर जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर सुनावणी झाली, तेव्हा प्रवाशांना गुराढोरांसारखा प्रवास करावा लागतो याची लाज वाटते, अशा आशयाचे उद्गार न्यायमूर्तींना काढावे लागले. एखाद्या विमानाला अपघात झाला तर देश हळहळतो आणि ते योग्यच आहे. पण रोजच्या सात मृत्यूंची बातमी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर दोन ओळींत संपते. गरिबांचे मरण सुटेसुटे येते, म्हणून ते राष्ट्रीय आपत्तीच्या व्याख्येत बसत नाही.

ही माणसे एवढ्या दूर राहायला का आली, याचाही विचार केला पाहिजे. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे कापड गिरण्यांचे जग कोसळले आणि गिरणगावातील चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले. मुंबईत घर घेणे कष्टकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेले आणि तो बोरिवली, भाईंदर, नालासोपारा असा उत्तरेकडे लोटला गेला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवी जमीन बांधकामांना खुली करण्याचे धोरण आले. त्या वेळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो प्रभृतींच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने मोठा लढा दिला. पाणी, रस्ते, सांडपाणी आणि रेल्वे यांची सोय झाल्याशिवाय लाखो माणसांना येथे आणून वसविणे हा भूमिपुत्रांवर आणि येणाऱ्यांवरही अन्याय आहे, हे त्या लढ्याचे सार होते. ते कोणी ऐकले नाही. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. बोरिवली ते विरार हा मार्ग चौपदरी व्हायला मात्र २००७ साल उजाडले होते. घरे विकणाऱ्यांना घाई होती, रेल्वेला ती नव्हती.

आता अग्रक्रमांचा हिशेब मांडू. १४ सप्टेंबर २०१७ रोजी अहमदाबाद येथे अतिवेगवान रेल्वेची पायाभरणी झाली. ५०८ किलोमीटरच्या या मार्गाचा मूळ अंदाजित खर्च सुमारे १ लाख ८ हजार कोटी रुपये होता. त्याच्या आधी, डिसेंबर २०१६ मध्ये, मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी मिळाली होती. त्याचा खर्च १० हजार ९४७ कोटी रुपये होता, म्हणजे अतिवेगवान रेल्वेच्या सुमारे एक दशांश. विरार–डहाणू मार्गाचे चौपदरीकरण याच टप्प्यात आहे. उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत २०१३ पासून धावतात. पण त्यांना, लांब पल्ल्याच्या गाड्यांना आणि मालगाड्यांना त्याच दोन रुळांवर वाट काढावी लागते. मंजुरीला आठ वर्षे उलटून २०२५ साल आले, तरी ते काम पुरे झालेले नव्हते. बोरिवली–विरार पाचव्या आणि सहाव्या मार्गाला मार्च २०१९ मध्ये २ हजार १८४ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. तेही काम २०२५ पर्यंत पुरे झाले नव्हते.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकायला मिळतो. जपानने अतिवेगवान रेल्वेसाठी अत्यल्प व्याजाने, पन्नास वर्षांच्या मुदतीने कर्ज दिले आहे. ते पैसे लोकलसाठी मिळालेच नसते. तेव्हा ही तुलना गैर आहे, असे म्हटले जाते. या युक्तिवादात तथ्य थोडे आणि चलाखी अधिक आहे. कर्ज स्वस्त असले तरी ते फेडायचे आहे आणि ते येनच्या चलनात फेडायचे आहे. शिवाय या कंपनीच्या भांडवलात महाराष्ट्राचा वाटा ५ हजार कोटी रुपयांचा आहे. तो राज्याच्या तिजोरीतून जातो आणि त्या तिजोरीत वसई-विरारच्या कष्टकऱ्याने भरलेला करही असतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सरकारची इच्छाशक्ती, भूसंपादनाची यंत्रणा आणि अभियंत्यांचे कौशल्य यांनाही मर्यादा असतात. एका कामासाठी जिल्हाधिकारी, पोलीस आणि मंत्रिमंडळ एकदिलाने धावतात आणि दुसऱ्या कामाची फाईल या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहते, तेव्हा तो केवळ पैशांचा प्रश्न उरत नाही. तो अग्रक्रमाचा, म्हणजेच वर्गीय निवडीचा प्रश्न बनतो.

याच संदर्भात वातानुकूलित लोकलचा विषय येतो. २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर अशी पहिली गाडी धावली. बंद दारांची, थंड हवेची गाडी कष्टकऱ्याला नको असते, असे समजण्याचे कारण नाही. बंद दारांमुळे पडून मरणाऱ्यांचे जीव वाचतील. आक्षेप असा आहे की, चालू साध्या फेऱ्या काढून त्यांच्या जागी जादा भाड्याच्या फेऱ्या आल्या, तर ज्याच्या खिशात त्या पासाचे पैसे नाहीत त्याला पुढच्या, आणखी भरलेल्या गाडीत लोटले जाते. पंधरा डब्यांची पहिली गाडी २००९ मध्ये धावली. पंधरा वर्षे होऊन गेल्यावरही पश्चिम रेल्वेच्या बहुतेक फेऱ्या बारा डब्यांच्याच होत्या. फलाट लांबविणे आणि डबे वाढविणे या कामांना उद्‌घाटनाचा थाट नसतो, हेच बहुधा त्यामागचे कारण असावे.

रेल्वेचा कारभार वेगळ्या दृष्टीने चालविता येतो, याचा दाखला समाजवादी चळवळीच्याच इतिहासात आहे. १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असलेल्या मधु दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर गादी बसविण्याचा निर्णय घेतला. पहिल्या वर्गाला खाली ओढण्यापेक्षा दुसऱ्या वर्गाला वर उचलावे, ही त्यांची भूमिका होती. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई–हावडा मार्गावर सुरू झालेली गीतांजली एक्स्प्रेस ही वर्गविरहित गाडी त्याच विचारातून निघाली. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कामगारांना कामावर परत घेण्याचे कामही त्यांच्याच काळात झाले. प्रवासी आणि कामगार या दोघांचा सन्मान ही एकाच धोरणाची दोन अंगे आहेत, हे त्यांनी कृतीने दाखवून दिले. आज उपनगरी रेल्वेचा तोटा पुढे करून प्रवाशाला दोषी ठरविणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे की, या प्रवाशाच्या श्रमावर मुंबई जी संपत्ती निर्माण करते, तिचा हिशेब रेल्वेच्या खातेवहीत येतच नाही.

जलमार्गाकडे वळले तरी तेच चित्र दिसते. वसई आणि भाईंदर यांच्यामध्ये केवळ एक खाडी आहे; पण वाहनाने जायचे तर महामार्गाला वळसा घालून तीस-पस्तीस किलोमीटर तुडवावे लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये येथे रो-रो सेवा सुरू झाली आणि माणसे व वाहने थोड्या मिनिटांत पलीकडे जाऊ लागली. एप्रिल २०२५ मध्ये वैतरणेच्या मुखाशी विरारच्या मारंबळपाडा आणि सफाळ्याजवळील जलसार यांच्या दरम्यान अशीच सेवा सुरू झाली. ही कामे स्वागतार्ह आहेत. कमी खर्चात, शेतकऱ्याची जमीन न घेता सामान्य माणसाचा वेळ वाचतो, याची ती उदाहरणे आहेत. प्रश्न असा पडतो की, ज्या किनाऱ्यावर शतकानुशतके गलबते चालली, तेथे एवढी साधी सोय व्हायला इतकी वर्षे का लागावीत?

याच खाडीतील पाणजू बेटाची कथा तर साऱ्या व्यवस्थेवरील भाष्य ठरावी. १८६७ च्या उपनगरी गाडीच्या स्थानकांच्या यादीत या बेटाचे नाव होते. आज बेटावरून शेकडो गाड्या धडधडत जातात आणि एकही थांबत नाही. नायगावला जायला होडी मिळाली नाही तर पाणजूकर रेल्वेच्या पुलावरून जीव मुठीत धरून चालतात. सप्टेंबर २०२५ मध्ये असाच चालणारा एक तरुण, धावत्या गाडीतून खाडीत फेकलेला नारळ लागून प्राणास मुकला. देशातील सर्वांत वेगवान रेल्वेचा मार्ग ज्या तालुक्यातून जातो, त्याच तालुक्यातील एका गावाला पाण्यापलीकडे जाण्यासाठी सुरक्षित पायवाट नाही.

वाढवणचे बंदर सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचे आहे. १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने तेथील बंदराला नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये संमती दिली. जगातील मोठी जहाजे तेथे लागतील आणि मालाची वाहतूक वाढेल, हे खरे. परंतु ज्या मच्छीमारांच्या पाण्यावर ते उभे राहते, त्यांचा विरोध हा अडाण्यांचा विरोध नव्हे. डहाणूपासून अर्नाळा, पाचूबंदरपर्यंतचा कोळी समाज एकाच समुद्रावर जगतो. त्याचे उत्पन्न गेले, तर बंदराच्या फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी देऊन ती भरपाई होत नाही. सागरी सेतूच्या आखणीतही हीच कसोटी लावली पाहिजे. समुद्र ही रिकामी जागा आहे, असे समजून नियोजन करणाऱ्यांना तेथे कोणाची जाळी पसरली आहेत हे आधी दाखवावे लागेल.

आकाशमार्गाची गोष्ट वेगळी वाटते, पण तीही रुळांपाशीच येऊन थांबते. मुंबईचा विमानतळ चालतो तो सामान चढविणारे, सफाई करणारे, पहारा देणारे, टॅक्सी चालविणारे आणि उपाहारगृहांत राबणारे यांच्या बळावर. यांतील कितीतरी माणसे नालासोपारा-विरारकडच्या वस्त्यांत राहतात. विमानातून उतरणाऱ्याला शहरात आणण्यासाठी भुयारी मेट्रो आणि उड्डाणपूल झाले; विमानतळावर राबायला जाणाऱ्याला मात्र तीच लोकल. नवी मुंबईच्या विमानतळामुळे वसईकरांना एक रास्त मागणी करण्याची संधी आली आहे. वसई रोडहून दिव्यामार्गे पनवेलला जाणारा लोहमार्ग आजही अस्तित्वात आहे. त्यावरून मालगाड्या धावतात. प्रवासी गाड्या मात्र हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच. विरार–वसई–पनवेल उपनगरी सेवेचा प्रस्ताव कित्येक वर्षे कागदावरच फिरतो आहे. त्याउलट सव्वाशे किलोमीटरच्या विरार–अलिबाग मार्गासाठी शेकडो शेतकऱ्यांच्या जमिनी संपादन करण्याची तयारी आहे. जो रूळ अंथरलेला आहे त्यावर गाड्या वाढविण्याऐवजी जी जमीन पिकते तिच्यावर डांबर ओतायचे, हे कोणत्या शहाणपणाचे लक्षण म्हणावे?

या संपूर्ण व्यवस्थेने कष्टकऱ्याला कोणत्या जागी ठेवले आहे, हे करोनाच्या काळात उघड झाले. १५ जून २०२० पासून लोकल केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. ज्याची मजुरी बुडली तो दुकानातला नोकर, कारखान्यातला कंत्राटी कामगार आणि घरकाम करणारी बाई मात्र अत्यावश्यक ठरली नाही. एसटीची सोयही मिळेना, तेव्हा २२ जुलै २०२० रोजी नालासोपाऱ्याचे प्रवासी रुळांवर उतरले. साथीच्या रोगाचे भय त्यांना नव्हते असे नाही. घरी बसून उपाशी मरण्याचे भय त्याहून मोठे होते. त्या दिवशी त्यांनी विचारलेला प्रश्न आजही अनुत्तरित आहे: या शहराला कोण आवश्यक आहे आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

समाजवादी चळवळ आधुनिक यंत्रांच्या विरोधात कधीच नव्हती. विमान, बंदर आणि वेगवान रेल्वे यांना सरसकट नकार देणे हे तिचे धोरण असू शकत नाही. तिची कसोटी एकच आहे: सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक वाटेचा पहिला लाभ सर्वाधिक अडचणीत असणाऱ्याला मिळतो की नाही. या कसोटीवर काही मागण्या स्पष्टपणे पुढे आणल्या पाहिजेत. विरार–डहाणू चौपदरीकरण आणि बोरिवली–विरारचे पाचवा-सहावा मार्ग यांची तारीखवार जाहीर हमी सरकारने द्यावी. कोणतीही साधी फेरी कमी न करता पंधरा डब्यांच्या फेऱ्या वाढवाव्यात आणि बंद दारांच्या गाड्या साध्या भाड्यात आणाव्यात. वसई–दिवा–पनवेल मार्गावर नियमित उपनगरी सेवा सुरू करावी. पाणजू आणि अर्नाळा किल्ला या बेटांना सुरक्षित धक्के आणि भरवशाची बोटसेवा द्यावी. सागरी प्रकल्पांत मच्छीमारांच्या संमतीशिवाय पाऊल टाकू नये.

मागण्यांची पत्रके काढून मात्र भागणार नाही. कार्यकर्त्यांनी स्थानकास्थानकांवर प्रवासी संघटना बांधल्या पाहिजेत आणि त्यांत रेल्वे कामगारांना बरोबर घेतले पाहिजे. कारण गाडी चालविणारा मोटरमनही याच गर्दीचा आणि अपुऱ्या मनुष्यबळाचा बळी आहे. गाडीतून पडून मेलेल्यांच्या कुटुंबांना रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ प्रमाणे भरपाई मागण्याचा हक्क आहे. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूबद्दलची ही रक्कम आठ लाख रुपये झाली आहे. मृताजवळ तिकीट सापडले नाही, एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. कितीतरी विधवांना आणि वृद्ध आईबापांना हे ठाऊकच नसते. असा एक दावा नेटाने लढविला, तर त्या वस्तीत दहा सभांनी होणार नाही एवढे काम होईल.

वसईचा शेतकरी, किनाऱ्यावरचा कोळी, डोंगराकडचा आदिवासी आणि पोटासाठी दूरदेशाहून आलेला नालासोपाऱ्याचा कामगार हे एकमेकांचे शत्रू नाहीत. एकाची जमीन जाते, दुसऱ्याचे पाणी जाते, तिसऱ्याचे रान जाते आणि चौथ्याचा जीव दारात लोंबकळतो. या चौघांचे गाऱ्हाणे एकाच नियोजनाविरुद्ध आहे. त्यांना एका व्यासपीठावर आणणे सोपे नाही, पण दुसरा मार्गही नाही. मुंबई ही जर साऱ्या महाराष्ट्राच्या श्रमांतून उभी राहिली असेल, तर तिच्यात माणसासारखे पोहोचण्याचा पहिला हक्क त्या श्रमिकाचा आहे. तो हक्क मागितल्याशिवाय मिळणार नाही आणि संघटनेशिवाय मागता येणार नाही.